अपमान वेगळा, नुकसान वेगळे

पत्राचा सारांश : पन्नाशी ओलांडलेल्या एका उद्योजिकेने लिहिले आहे. बरीच वर्षे स्वतःचा व्यवसाय सांभाळल्यावर त्यांनी स्वतःच्या कमाईतून एक आलिशान गाडी घ्यायचे ठरवले. पतीला सोबत घेऊन त्या शोरूममध्ये गेल्या, तेव्हा विक्री प्रतिनिधी इंजिन, सुरक्षितता आणि कर्ज यांविषयी सारे काही पतीलाच समजावत राहिला. त्यांना त्याने एवढेच विचारले की रंग कोणता आवडेल. टेस्ट ड्राइव्ह मागितली तर ‘आधी बुकिंग करा, मग बघू’ असे उत्तर मिळाले. गाडी मनात भरली होती, म्हणून त्यांनी बुकिंगची रक्कम भरली. त्यानंतर डिलिव्हरीची तारीख दोनदा पुढे गेली आणि दोन्ही वेळा ते त्यांना स्वतः फोन केल्यावरच कळले. मधल्या काळात तो प्रतिनिधी नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी आलेल्याला काहीच ठाऊक नव्हते. आता गाडी आली आहे, पण आतील आसनांचा रंग वेगळा आहे आणि मागितलेले एक सुविधांचे पॅकेज तिच्यात नाही. ‘हीच घ्या, नाहीतर पुन्हा रांगेत थांबा, या श्रेणीच्या गाड्यांसाठी वाट पाहावीच लागते,’ असे व्यवस्थापकाने सुनावले. पती म्हणतात, गाडी चांगली आहे, बाकीचे सोडून दे. त्या विचारतात : ‘इतके पैसे मोजूनही साधी वागणूक मिळत नसेल, तर ही गाडी घ्यावी का? की बुकिंग रद्द करून, सगळीकडे लिहून यांना धडा शिकवावा? मी साध्या कपड्यांत गेले, शिवाय बाई आहे, म्हणून हे झाले का?’

उत्तर :

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्या पत्रावर त्याचीच सावली आहे. तुमचा संशय निराधार नाही. इयान एअर्स आणि पीटर सीगलमन या संशोधकांनी शिकागो परिसरातील मोटार विक्रेत्यांकडे प्रशिक्षित माणसे ग्राहक म्हणून पाठवली होती. सगळ्यांनी ठरवून दिलेल्या एकाच पद्धतीने भावाची बोलणी करायची होती. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, गोऱ्या पुरुषांना सांगितलेला भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय ग्राहकांना सांगितलेल्या भावापेक्षा कमी होता. म्हणजे माणूस पाहून वागणूक बदलते हे केवळ मनाचे खेळ नाहीत. तुमच्या बाबतीत कपड्यांमुळे काही घडले का, हे मला सांगता येणार नाही. मात्र गाडी घेणारी व्यक्ती समोर असताना तिच्या पतीशी बोलत राहणे हा अपमानच आहे आणि त्याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

पण पत्र पुन्हा वाचताना मला असे दिसले की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच खात्यावर लिहिल्या आहेत. पतीशी बोलणे आणि टेस्ट ड्राइव्हला टाळाटाळ करणे ही एक गोष्ट झाली. लांबलेली तारीख, नोकरी सोडून गेलेला प्रतिनिधी आणि चुकीची सजावट घेऊन आलेली गाडी ही दुसरी. दुसऱ्या प्रकारचा अनुभव उंची सूट घातलेल्या पुरुष ग्राहकालाही तितक्याच सहजतेने येतो, कारण तिथे कोणी तुम्हाला कमी लेखलेले नसते; तिथे कामाची नोंद नीट ठेवलेली नसते. अपमानाची भरपाई त्या शोरूमकडून फारशी मिळणार नाही. एखादा व्यवस्थापक पुष्पगुच्छ देऊन माफी मागेलही, पण त्याने तो प्रसंग पुसला जात नाही. नुकसानीची भरपाई मात्र मागता येते आणि पुष्कळदा मिळतेही. अट एवढीच, की मागणी करताना तिच्यात अपमानाचा हिशेब मिसळायचा नाही. ज्या पत्रात पाच ओळी संतापाच्या आणि अर्धी ओळ मागणीची असते, त्याला उत्तर म्हणून दिलगिरी येते, गाडी येत नाही.

आता ‘इतके पैसे मोजूनही’ या तुमच्या शब्दांकडे वळते. किमतीबरोबर वागणूकही आपोआप वाढत जाते, असे आपण सगळेच गृहीत धरतो. पण गाडीच्या किमतीतला बहुतांश भाग निर्मात्याला आणि करांपोटी जातो. विक्रेत्याच्या हाती नव्या गाडीच्या विक्रीतून तुलनेने थोडे उरते आणि त्याची खरी कमाई दुरुस्ती-देखभाल, सुटे भाग, कर्ज, विमा आणि ॲक्सेसरीज यांतून होते. विक्री प्रतिनिधीचा पगार महिन्याच्या उद्दिष्टाला बांधलेला असतो. तुम्ही बुकिंगची रक्कम भरली त्या क्षणी त्याच्या लेखी तुमचे काम संपले आणि त्याचे लक्ष दारातून आत येणाऱ्या पुढच्या माणसाकडे गेले. चकचकीत फरशी आणि कॉफीचा कप यांवर खर्च होतो. तुमच्या ऑर्डरचा दर आठवड्याला पाठपुरावा करणारा माणूस नेमण्यावर तो होतोच असे नाही. हे समर्थन नाही. फक्त, पुढच्या वेळी कोणावर किती विसंबायचे, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

आलिशान वस्तूंच्या बाबतीत आणखी एक विचित्र गोष्ट घडते. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, ज्या ब्रँडची मनात आस असते त्याच्या दुकानात तुसडी वागणूक मिळाल्यावर ग्राहकाची ती वस्तू घेण्याची इच्छा कमी होण्याऐवजी वाढू शकते. आपल्याला बाहेर ठेवू पाहणाऱ्या वर्तुळात शिरून दाखवण्याची ती ओढ असते. साध्या, रोजच्या ब्रँडच्या बाबतीत हा परिणाम दिसला नाही आणि काही काळ गेल्यावर तो ओसरला. हे मी तुम्हाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. पण ज्या दिवशी प्रतिनिधीने तुमच्याकडे पाठ फिरवली, त्याच दिवशी टेस्ट ड्राइव्हसुद्धा न घेता तुम्ही बुकिंग केलेत. तेव्हा ती गाडी हवी होती की त्या माणसाला काही दाखवून द्यायचे होते, हे एकदा स्वतःला विचारून पाहा. उत्तर काहीही आले तरी चालेल. ते माहीत असलेले बरे, कारण आता रद्द करायचे ठरवाल तेही कदाचित त्याच माणसाला दाखवून देण्यासाठी असेल, आणि तो तर केव्हाच दुसरीकडे नोकरीला लागला आहे.

महागडी गाडी आणि चांगली सेवा यांचे वैर आहे, असे मात्र नाही. लेक्ससने १९८९ साली एलएस ४०० ही पहिली मोठी गाडी बाजारात आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, मोजक्या तक्रारींवरून, तोवर विकलेल्या सुमारे ८,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ग्राहकाला खेपा घालायला न लावता कंपनीच्या माणसांनी गाड्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन आणि टाकी भरून परत आणून दिल्या. नव्या नावावर डाग पडेल अशी ती वेळ होती. उलट त्या नावाची प्रतिष्ठा तिथूनच वाढली. तेव्हा ‘या श्रेणीच्या गाड्यांना असेच असते’ हे व्यवस्थापकाचे वाक्य तुम्ही मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही.

विलंबाबद्दल मात्र थोडी न्यायबुद्धी ठेवावी लागेल. विक्रेत्याच्या वाट्याला किती गाड्या येतील हे निर्माता ठरवतो आणि निर्मात्याच्याही हातात सगळे नसते. २०२१ साली इलेक्ट्रॉनिक चिपच्या टंचाईत बीएमडब्ल्यूने काही गाड्या टचस्क्रीनची सोय वगळून दिल्या होत्या. फेब्रुवारी २०२२मध्ये पोर्शे, आउडी, बेंटली, लॅम्बोर्गिनी अशा सुमारे ४,००० गाड्या घेऊन निघालेल्या फेलिसिटी एस या जहाजाला अटलांटिक महासागरात आग लागली आणि १ मार्चला ते बुडाले. त्यातल्या काही लॅम्बोर्गिनी अशा होत्या की त्या मॉडेलचे उत्पादन थांबलेले होते आणि हरवलेल्या गाड्या पुन्हा बनवण्यासाठी कंपनीला ते पुन्हा सुरू करावे लागले. अशा घटनांवर कोणत्याही शोरूमचा इलाज चालत नाही. पण तारीख पुढे गेल्याचा एक फोन करणे त्यांच्या पूर्णपणे हातात होते आणि तुमची खरी तक्रार तिथे आहे. लिहितानाही ती तशीच लिहा : उशीर झाला म्हणून नव्हे, तर उशीर होणार हे ठाऊक असून कळवले नाही म्हणून.

आता मूळ प्रश्न. ‘हीच घ्या नाहीतर रांगेत थांबा’ असे दोनच पर्याय तुमच्यासमोर ठेवले गेले आणि तुम्ही त्यांना तिसरा जोडलात : रद्द करून धडा शिकवणे. माझ्या मते यांपैकी कशावरही निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी जाणून घ्यायला हव्यात.

पहिली अशी की, आलेली गाडी खरोखर तुमच्या ऑर्डरची आहे का? कारखान्यात पाठवलेल्या ऑर्डरला स्वतःचा क्रमांक असतो, तिच्यात रंग, आसने, पॅकेजेस यांची नोंद असते आणि उत्पादनाची पाळी निश्चित होईपर्यंत त्यात बदल करता येतात. तुमच्या नावाची ऑर्डर बरोबर गेली असती, तर आसनांचा रंग आणि पॅकेज या दोन्ही बाबतींत एकदम चूक होण्याची शक्यता कमीच. बहुधा ही गाडी विक्रेत्याने साठ्यासाठी मागवलेली असावी, किंवा दुसऱ्या कुणीतरी सोडलेली असावी. म्हणून लेखी विचारा : माझी ऑर्डर कारखान्याकडे कोणत्या तारखेला गेली, तिच्यात काय नोंदवले होते आणि तिची आजची स्थिती काय आहे? त्याच पत्रात दाखवलेल्या गाडीचा १७ अक्षरे-आकड्यांचा चासी नंबर मागा. त्यावरून ती गाडी केव्हा बनली, तिच्यात कारखान्यातून काय काय बसवले गेले आणि तिच्यावर एखादी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची सूचना बाकी आहे का, हे कंपनी सांगू शकते. तुमची ऑर्डर कधी गेलीच नव्हती असे निघाले, तर बोलणी एकदम वेगळ्या पातळीवर जातील. कारण मग ‘वाट पाहावी लागते’ हे उत्तरच खोटे ठरते.

दुसरी गोष्ट अशी की, तुमचा करार कोणाशी आहे? बहुतेक ठिकाणी शोरूम हा निर्मात्याशी करार केलेला स्वतंत्र व्यवसाय असतो, दारावर नाव निर्मात्याचे असले तरी. काही कंपन्या थेट विकतात, टेस्ला हे त्याचे ठळक उदाहरण. मर्सिडीज-बेंझसारख्या काहींनी काही देशांत अशी पद्धत आणली आहे की शोरूम केवळ मध्यस्थ राहते आणि बिल कंपनीचे असते. तुमच्या पावतीवर कोणाचे नाव आहे ते पाहा. विक्रेत्याचे असेल तर पहिले पत्र त्याच्या मालकाला किंवा सर्वोच्च व्यवस्थापकाला जाईल आणि प्रत निर्मात्याच्या ग्राहक विभागाला. निर्माता विक्रेत्याला रोजच्या कामात हुकूम देत नसला, तरी गाड्यांचे वाटप त्याच्याच हाती असल्यामुळे त्याच्या एका विचारणेने फाइल हलते.

हे कळल्यानंतर तुमच्यापुढे चार वाटा राहतात आणि त्या सारख्या मोलाच्या नाहीत.

रद्द करणे सोपे दिसते. बुकिंगच्या अटी वाचल्याशिवाय ते करू नका. रद्द करण्याचे कारण तुमच्याकडून आले की त्यांच्याकडून, यावर परताव्याचे प्रमाण पुष्कळदा ठरते. ‘मला नको’ असे लिहिण्यापेक्षा ‘ठरलेली गाडी ठरलेल्या मुदतीत न दिल्यामुळे मी पूर्ण रक्कम परत मागत आहे’ असे लिहिणे, आणि हे तोंडी न बोलता लिहिणे, यात बराच फरक पडतो. आपण इतके महिने थांबलो, ते वाया जाईल, या विचाराने मात्र अडू नका. गेलेले महिने गाडी घेतली तरी परत येणार नाहीत.

पुन्हा वाट पाहणे ही दुसरी वाट. तिच्यासाठी सुधारलेल्या ऑर्डरची प्रत, नवी तारीख, ती हुकल्यास पूर्ण परताव्याचे आश्वासन आणि किंमत बुकिंगच्या दिवसाची लागू होणार की डिलिव्हरीच्या, याचा स्पष्ट उल्लेख लेखी घ्या. शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मग दरवाढीचा भार निमूटपणे उचलतात.

तिसरी वाट समोरची गाडी घेण्याची. पॅकेज नसल्याचे तुम्हाला दर वेळी गाडीत बसल्यावर खटकणार असेल, तर घेऊ नका. कितीही सवलत मिळाली तरी ते खटकत राहते. आसनांच्या रंगाची मात्र सवय होऊ शकते. घ्यायचे ठरले तर नसलेल्या पॅकेजची पूर्ण किंमत वजा व्हायला हवी, ही सवलत नव्हे, हा साधा हिशेब आहे. त्यावर झालेल्या त्रासाबद्दल काही मागायचे असेल तर वाढीव वॉरंटी किंवा देखभालीचे पॅकेज मागा. विक्रेते रोख सूट देण्यापेक्षा हे द्यायला लवकर तयार होतात आणि महागड्या गाड्यांच्या दुरुस्तीचा खर्च पाहता तुमच्याही ते जास्त उपयोगाचे आहे. जे मिळेल ते बिलावर लिहून घ्या. तोंडी कबुली देणारा माणूस नोकरी सोडून गेला की काय होते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

साठ्यातली गाडी घेताना एक काळजी अधिक घ्यावी लागते. टायरच्या बाजूवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेले असते. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी दुबळी होते आणि टायर एका जागी दबलेले असू शकतात. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली आहे हे विचारा, कारण उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी गाडी आधीच कागदोपत्री विकलेली दाखवण्याचे प्रकार घडतात. गाडी उन्हाच्या उजेडात, धुतलेल्या आणि कोरड्या अवस्थेत पाहा. शोरूमच्या दिव्यांखाली रंगावरचे ओरखडे लपतात. पाहणी होईपर्यंत उरलेली रक्कम भरू नका आणि ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या कागदावर सही करू नका. रिबीन कापणे, फोटो, चावीचा मोठा पुठ्ठा हे सगळे सहीनंतर. आणि तुम्ही जिची मागणी केली होती ती टेस्ट ड्राइव्ह आता तरी घ्याच. तीही न देता पूर्ण पैसे मागणाऱ्याकडून गाडी घेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगेन.

चौथी वाट तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला तीच सर्वांत विचार करण्याजोगी वाटते : गाडी तीच, विक्रेता दुसरा. विक्रेते स्वतंत्र असल्यामुळे बुकिंग सहसा एकाकडून दुसऱ्याकडे वळवता येत नाही आणि नव्या रांगेत उभे राहावे लागते, हे खरे. पण दुसऱ्याकडे तुम्हाला हव्या त्या सजावटीची गाडी साठ्यात असूही शकते. जुन्या बुकिंगचा परतावा लेखी मान्य होण्याआधीच ही चौकशी करा.

दुसरा विक्रेता निवडताना त्याच्या शोरूममध्ये जाण्याआधी त्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा. विक्री प्रतिनिधीशी तुमचा संबंध काही आठवड्यांचा, सर्व्हिस ॲडव्हायजरशी तो पुढच्या अनेक वर्षांचा. सकाळी गाड्या आत घेण्याच्या वेळी तासभर तिथे बसा. गाडी द्यायला आलेल्या लोकांशी कसे बोलले जाते ते ऐका, त्यांच्यापैकी एकदोघांना विचारा की सांगितलेल्या दिवशी गाडी परत मिळते का, सुटा भाग यायला किती दिवस लागतात, दुरुस्ती लांबली तर तात्पुरती गाडी मिळते का. एकट्या स्त्री ग्राहकाला तिथे खर्चाचा तपशील समजावून सांगतात की नुसता आकडा सांगतात, हेही तुम्हाला दिसेल. हीच पाहणी तुमच्या सध्याच्या विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरचीही करा. तिथले काम चोख असेल, तर व्यवस्थापकाच्या उद्धट वाक्यासाठी ही गाडी सोडण्याचे कारण उरत नाही. आणि तिथेही तोच गोंधळ असेल, तर पतीचे ‘गाडी चांगली आहे’ हे म्हणणे अपुरे आहे, कारण ही गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी नाही. वॉरंटीतली कामे साधारणपणे त्याच कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होतात, तेव्हा घेतली एकाकडून आणि देखभाल दुसऱ्याकडे, असेही करता येईल.

पतींविषयी एक शब्द. ‘सोडून दे’ असे म्हणणे त्यांना सोपे आहे, कारण त्या दिवशी सगळे त्यांच्याशी बोलत होते. त्यांना हे सांगा, भांडण म्हणून नव्हे, तर माहिती म्हणून. पुढच्या भेटीला ते सोबत येणार असतील, तर प्रतिनिधी त्यांच्याकडे वळताच त्यांनी ‘गाडी या घेत आहेत, त्यांना सांगा’ एवढे म्हणावे. तुम्ही एकट्या जायचे ठरवलेत तरी उत्तमच.

राहिला सगळीकडे लिहिण्याचा विषय. लिहा, पण व्यवहार मिटल्यानंतर. पैसे त्यांच्याकडे अडकलेले असताना जाहीर लिहिले की ती धमकी वाटते आणि समोरचा माणूस वकिलाच्या भाषेत बोलू लागतो. नंतर लिहाल तेव्हा तारखा, कबूल केलेले आणि मिळालेले, एवढेच असू द्या. प्रतिनिधीचे नाव नको. गाडी घेतलीत तर काही दिवसांत निर्मात्याकडून समाधानाविषयी प्रश्नावली येईल आणि त्याआधी शोरूममधून ‘पूर्ण गुण द्या’ अशी गोड विनंतीही येईल, कारण पुष्कळ कंपन्यांत विक्रेत्याला मिळणारा बोनस त्या गुणांशी जोडलेला असतो. ती विनंती बाजूला ठेवा आणि जे घडले तेच भरा. पतीशी बोलत राहिलेल्या प्रतिनिधीची हकीकत तिथल्या मोकळ्या जागेत सविस्तर लिहा. विक्रेत्याच्या तक्रारवहीपेक्षा ती प्रश्नावली अधिक काळजीने वाचली जाते.